भिंतीशी कुणी बसायचं नाही

"भिंतीशी बसलेली मुलं शांत असतात," मोठ्या बाई म्हणत होत्या. "तुमच्या तासाला भिंत रिकामी. म्हणूनच एवढा गोंगाट."

"टेकवून ठेवायला ती मुलं काय सायकली आहेत?" आमची भिंगरी म्हणाली.

हे भांडण मी ऐकलं ते शाळेच्या सामानाच्या खोलीत, गाद्यांच्या चळतीमागे उभी राहून, हातात भिंगरीचा जेवणाचा डबा घेऊन. चोरून ऐकायला गेले नव्हते हो. ती डबा घरी विसरायची आणि मी तो मागून पोचवायचे, हे रोजचंच. डबा ठेवायला आत शिरले, तर या दोघी बोलत बोलत नेमक्या दारातच येऊन ठाकल्या. आता बाहेर पडायचं तर दोघींच्या मधून, आणि पेटलेल्या दोन चुलींच्या मधून कोण जातं? राहिले उभी. गाद्यांना धुळीचा वास येत होता. शिंक आली तर काय, एवढाच घोर.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. मोठ्या फक्त हुद्द्यानं. उंचीनं भिंगरीच्या खांद्याला लागायच्या, पण आवाज असा की वर्गातला खडू आपोआप हातातून सुटावा. भिंगरी ही माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण, शाळेत लहान वर्गांना खेळ शिकवणारी. नात्यानं वन्सं, पण वयानं माझ्याहून लहान, म्हणून आमचं अगं-तुगं. भिंगरी हे नाव घरात पडलं, मग तिच्यामागोमाग शाळेत गेलं, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा फाटकातून तीच हाक मारायला लागला.

भांडण होतं भिंतीवरून. मैदानाच्या एका कडेला शाळेची लांबलचक भिंत. कुठलाही खेळ घ्या, जो बाद होईल त्यानं त्या भिंतीशी जाऊन बसायचं, अशी तिथली जुनी रीत. तास सुरू होऊन घामही फुटलेला नसायचा तोवर निम्मा वर्ग भिंतीला, आणि गंमत म्हणजे रोज तीच मुलं. ज्यांना पळता येत नाही ती आधी बाद व्हायची, बाद झाली की पळायला मिळायचं नाही, मग पळायला येणार कधी? भिंगरीनं आल्या आल्या ती रीत मोडली. तिच्या खेळात कुणी बाद व्हायचंच नाही.

"खेळ म्हटला की हार-जीत आली," मोठ्या बाई म्हणाल्या. "पलीकडच्या शाळेच्या कपाटात करंडक मावत नाहीत. आपल्या कपाटात काय आहे, सांगा बरं!"

"मेलेल्या माश्या."

"थट्टा पुरे. चांगली पळणारी निवडा, त्यांचा सराव घ्या, बाकीची बसू देत भिंतीशी. या वर्षी करंडक आला नाही, तर लहान वर्गांचा खेळाचा तास मी पाढ्यांना देणार. आणि तुम्ही कार्यालयात. खुर्चीवर. बसून काम."

भिंगरी गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही गाद्या मधे असल्यामुळे पाहिलं नाहीच. मग जन्मठेप ऐकलेल्या माणसाच्या आवाजात तिनं विचारलं, "बसून?"

आणि मला शिंक आली.

मोठ्या बाईंनी गाद्यांकडे पाहिलं, मी डबा पुढं केला, आणि म्हटलं, "जेवायचं राहिलं होतं हिचं." त्या तरातरा निघून गेल्या. भिंगरीनं तिथंच डबा उघडला आणि येरझारा घालत जेवायला लागली.

तिचं सगळं असंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या सकाळी मला वाटलं, घरात कुणीतरी काहीतरी हरवलंय आणि ही शोधतेय. या खोलीतून त्या खोलीत, तिथून अंगणात, अंगणातून परत. दात घासत फाटकापर्यंत जायची, केस विंचरत जिना चढायची. आमचे हे शांत, खुर्चीत रुतलेले. त्यांना म्हटलं, "अहो, वन्संचं काय हरवलंय?" म्हणाले, "बूड. टेकायला सापडत नाही तिला."

लोक म्हणायचे, लहानपणी आजारी असेल, अंथरुणात पडून राहिली असेल, म्हणून आता अशी. छे. सासूबाई सांगायच्या, पाळण्यातही हिच्या लाथांनी पाळण्याचा खिळा निघाला होता. काही माणसं जन्माला येतानाच अंगात वारं भरून येतात, त्याला कारण कशाला पाहिजे? एकदा एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, सरळ होता, घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "बसा ना." ही म्हणाली, "तुम्ही उठा ना." बिचारा उठला, तिच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालला, आणि तसाच पुढं घरी गेला. पुन्हा आला नाही. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "दादा, दिवसभर घड्याळापुढं बसलेल्या माणसाबरोबर मी काय करू?"

पण मैदानावर तिची वळवळ कामाला यायची. खेळ ती पुस्तकातून काढत नसे. कुठं काय बघेल आणि त्याचा खेळ करेल, नेम नाही. मी वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फुगलेली पाहिली, की चादर गायब. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळा वर्ग त्या चादरीच्या कडा धरून उभा, मधे चेंडू, आणि "एक, दोन, वर!" म्हटलं की चेंडू आभाळात. एका कोपऱ्यानं जरी हात सोडला तरी चेंडू घरंगळून खाली, म्हणून सगळ्यात मरतुकड्या पोराची बोटंही पैलवानाइतकीच कामाची. माझ्या चादरीला मात्र भोकं.

शेपटीचा खेळ तर माझ्याच शिलाई मशीनवर जन्मला. कापडाच्या लांब पट्ट्या शिवायच्या, प्रत्येकानं एक मागे कमरेत खोचायची, आणि दुसऱ्याची ओढायची. शेपटी गेली की बाद नाही. शेपट्यांच्या दुकानात जायचं. दुकान म्हणजे झाडाखाली एक खोकं. दुकानदार म्हणजे त्या दिवशी ज्याला बरं नाही, ज्याचा पाय मुरगळलाय, तो. दुकानदार म्हणेल ते करायचं. बेडूकउड्या मारा म्हणाला, मारायच्या. खोक्याभोवती उलटं चाला म्हणाला, चालायचं. मग नवी शेपटी घेऊन पुन्हा मैदानात. धडधाकट पोरंसुद्धा दुकानदार व्हायला मिळावं म्हणून लंगडायची, म्हणजे बघा.

आमचे हे एकदा शाळेवरून घरी आले ते रागानं लाल. "माझी चट्ट्यापट्ट्यांची विजार कुठाय?"

मी म्हटलं, "जुनी झाली होती."

"ती आत्ता पळताना पाहिली मी! अख्ख्या मैदानभर!"

भिंगरी जिन्यावरून ओरडली, "दादा, तुझ्या अंगावर असताना ती विजार कधी धावली होती का?"

आणि तिसरा खेळ होता 'आमच्यात ये'. हा नीट सांगते, कारण पुढं हाच महागात पडला. मधे चुन्याची रेघ, दोन बाजूंना दोन टोळ्या. रेघ ओलांडून जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. पलीकडच्यांनी आपल्याला शिवलं, तर सगळी टोळी मिळून ओरडायची, "आमच्यात ये!" की आपण त्यांचे. लगेच वळायचं आणि त्यांच्या बाजूनं खेळायचं. असं होत होत सगळीच मुलं एका बाजूला जमली की खेळ संपला. हरलं कोण? कुणीच नाही, सगळे जिंकणाऱ्यांतच. मी एकदा विचारलं, "वन्सं, मग खेळायचं कशाला?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की जेवायचं कशाला.

सामन्यातला खेळ दिसायला थेट तसाच. तीच रेघ, त्याच दोन बाजू. नियम तेवढा उलटा: शिवलं की बाद, बाद की बाहेर बाकावर. करंडक त्याच खेळाचा होता. तर झालं काय, की खुर्चीच्या धाकानं भिंगरीनं सराव घ्यायला सुरुवात केली. मोठ्या बाईंनी स्वतः चांगली पळणारी निवडली. भिंगरी त्यांचा सराव शाळा भरण्याआधी घ्यायची, शाळा सुटल्यावर घ्यायची, पण खेळाचा तास मात्र सगळ्यांचाच ठेवायची. भिंतीशी कुणाला बसवलं नाही. ते एक तिनं ऐकलं नाही.

त्या दिवसांत तिची तगमग बघवत नसे. घरात फिरता फिरता पुटपुटायची, "शिवलं की बाद, बाद की बाकावर." पोरांनाही पोपटासारखं पाठ करून घेतलं होतं. रस्त्यात कुठलंही पोर भेटलं आणि "शिवलं की?" म्हटलं, की "बाद!" "बाद की?" "बाकावर!" मला म्हणाली, "वहिनी, नियम येतो त्यांना. पण मला तो ऐकवत नाही गं. दाताखाली खडा आल्यासारखं होतं."

"मग करंडक आण आणि मोकळी हो," मी म्हटलं.

"आणणारच. पाढ्यांपायी पोरांना बसवू देते की काय?"

सामन्याच्या दिवशी मीही गेले. फाटलं-उसवलं शिवायला सुईदोरा आणि पाण्याची कळशी घेऊन. पलीकडच्या शाळेचं मैदान, टेबलावर पांढरं कापड, त्यावर करंडक. मोठ्या बाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या आणि त्याच्यात बघून केस सारखे करत होत्या.

आदल्या दिवशी आमच्यातल्या एकाला गालगुंड झालं. त्याच्या जागी भिंगरीनं बेकरीवाल्याची मुलगी घेतली. ही पोर म्हणजे, पीठ फुगावं तशी सावकाश. जुन्या रीतीनं तिचं सगळं बालपण भिंतीशी गेलं असतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला?" भिंगरी म्हणाली, "दुसरं कुणी सापडत नाही," आणि दुसरीकडे बघायला लागली.

खेळ सुरू झाला. आणि काय सांगू, आमची मुलं जिंकत होती! पलीकडची एकेक बाद होऊन बाकावर जात होती. भिंगरी मैदानाच्या कडेनं अशी पळत होती की पंचांनी तिला दोनदा हाकललं. माझ्या कळशीतलं पाणी मीच पिऊन टाकलं. पलीकडे उरलेली मुलं बोटांवर मोजता यावीत, आमचा सगळा गोतावळा शाबूत, आणि मोठ्या बाईंनी करंडकाला हातही लावून पाहिला.

तेवढ्यात बेकरीवाल्याच्या मुलीला कुणीतरी शिवलं.

ती थांबली. पंचांनी शिट्टी वाजवून बाकाकडे बोट दाखवलं. पण तिनं बोट पाहिलंच नाही. नियम तिच्या डोक्यात होता. पायांत वर्षभराचा दुसराच खेळ होता. पायांनी केलं ते केलं. पोर हसली, वळली, रेघ ओलांडून पलीकडच्या शाळेत सामील झाली, आणि आमच्याच मुलांच्या मागं लागली. आणि पळाली कशी! जन्मात पळाली नसेल तशी. तिनं एकाला शिवलं आणि खणखणीत ओरडली, "आमच्यात ये!"

तो गेला की हो! त्यानं दुसऱ्याला शिवलं, तोही गेला. आमची मुलं भराभरा पलीकडे. पलीकडची आधी गोंधळली, मग त्यांनाही गंमत कळली. बाकावर बसलेली त्यांची बाद पोरंही उठून आत घुसली. पंच शिट्ट्या मारून मारून लाल. शेवटी सगळीच मुलं रेघेच्या एका बाजूला जमली आणि दोन्ही शाळांनी मिळून आरोळी ठोकली, कारण खेळ संपला होता. आमच्या पोरांच्या हिशेबानं अगदी रीतसर संपला होता.

पंचांच्या हिशेबानं आम्ही बाद. सगळेच्या सगळे.

परतताना बेकरीवाल्याची मुलगी भिंगरीच्या हाताला धरून चालत होती. विचारलं तिनं, "बाई, मी चुकले का?"

"चुकलीस," भिंगरी म्हणाली. "पण काय पळालीस गं!"

पोर घरापर्यंत मान वर करून चालली. मोठ्या बाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडणारं माणूस थंड होतं तरी. फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "खुर्ची पुसून ठेवायला सांगते."

दुसऱ्या दिवसापासून लहान वर्गांना खेळाच्या तासाला पाढे, आणि भिंगरी कार्यालयात. मी डबा घेऊन गेले तर बाई खुर्चीच्या कडेवर अशी टेकलेली, जशी खुर्ची तापलेली आहे. एक पाय हलतोय, बोटं टेबलावर, नजर खिडकीतून रिकाम्या मैदानावर. त्या दिवशी तिनं डबा बसून खाल्ला. वर्गांवरून परत येताना पाढे ऐकू येत होते, आणि पाढ्यांखालून बाकांची कुरकुर. एवढ्या पायांना जायला जागाच नव्हती, जागच्या जागी हलत होते.

घरी आली की ती घर डोक्यावर घ्यायची. दिवसभर कोंडलेलं सगळं चालणं आमच्या अंगणात. आमचे हे म्हणाले, "भिंगरे, जमीन झिजेल."

"मी ही नोकरी सोडते, दादा."

"आणि करशील काय?"

"चालेन."

"आणि पोरं?" मी विचारलं.

ती एकदम उभी राहिली. तेच तिचं दुखणं होतं. ती सुटली असती. पोरं पाढ्यांतच राहिली असती. रागानं मला म्हणाली, "मग तूच सांग ना, वहिनी! त्या खुर्चीवरून मी काय करणार?"

आता मी काय सांगणार, मला शाळेतलं कळतं किती. सहज म्हटलं, "तुमच्या त्या शिपाईमामांचे गुडघे दुखतात म्हणे. नोटीस घेऊन वर्गावर्गात जिने चढायचे म्हणजे रडतात बिचारे. तेवढं तरी तू करत जा. पाय मोकळे होतील."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वाळूच्या पिशव्या शिवून दे. हाताच्या मुठीएवढ्या. दणकट टाका घाल."

शिपाईमामांनी आनंदानं नोटीस तिच्या हातात दिली. तिथून पुढं शाळेत नोटीस कशी जायची ते ऐका. भिंगरी वर्गात शिरायची आणि म्हणायची, "नोटीस आहे. उभं राहून ऐकायची." सगळा वर्ग उभा. नोटिशीतला पहिला शब्द बोलून ती वाळूची पिशवी पहिल्या बाकावर फेकायची. ज्यानं झेलली त्यानं तो शब्द म्हणायचा, एक उडी मारायची, पिशवी पुढं फेकायची. मग दुसरा शब्द, दुसरी पिशवी. असे शब्द उडत उडत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचे. मधे कुणाच्या हातून पिशवी पडली, तर त्याला बसवायचं नाही. अख्ख्या वर्गानं जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि नोटीस पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जो धांदरट, त्याच्याकडे सगळे जपून फेकायचे, हलकेच, तळहातात ठेवल्यासारखं. "उद्या सर्वांनी नखं कापून यावं" ही नोटीस पोचेपर्यंत वर्ग घामाघूम.

झालं. पोरं सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसायला लागली. नोटीस कधी येते! शिकवणाऱ्या बाई आधी कुरकुरल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की नोटीस येऊन गेली की बाकांची कुरकुर थांबते आणि पाढे नीट म्हटले जातात. मग त्या स्वतःच कार्यालयाच्या खिडकीतून डोकावून हळूच विचारायला लागल्या, "आज आमच्याकडे नाही का काही नोटीस?"

पण नोटिशी तरी किती असणार? मोठ्या बाई काही रोज काढत नसत. भिंगरी घरी तळमळायची. "काय नोटीस फिरवू गं उद्या?" मी कणीक मळता मळता म्हणायचे, "फिरव की, भात जास्त शिजला म्हणून."

एके दिवशी मी डबा घेऊन गेले तर ती कार्यालयात नाही. आवाज येत होता वरच्या वर्गातून, पाढ्यांच्या तासाचा. जिन्यात मला मोठ्या बाई दिसल्या, माझ्या पुढं, त्याच आवाजाच्या दिशेनं. माझी पाचावर धारण बसली. मागोमाग गेले.

दारात पोचलो तर शब्द उडत होते. "उद्या!" उडी. "शाळा!" उडी. "नेहमीप्रमाणे!" उडी.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. सगळं जागच्या जागी थिजलं. "ही नोटीस कुणी काढली?"

भिंगरी म्हणाली, "उद्या शाळा नेहमीप्रमाणे भरेल. खोटी आहे का?"

तेवढ्यात कुणाच्या तरी घाबरलेल्या हातातून शेवटची पिशवी सुटली, फरशीवर घरंगळली आणि मोठ्या बाईंच्या पायाशी येऊन थांबली. सगळ्यांचे हात खाली गेले. शेवटच्या बाकावर एक इवलंसं पोर मात्र दोन्ही हात पुढं करून उभं होतं. त्याला बाई कोण, रागावणं काय, काही देणंघेणं नव्हतं. नोटीस त्याच्यापर्यंत यायची राहिली होती, एवढंच.

मोठ्या बाईंनी खाली वाकून पिशवी उचलली. आधी टेबलावर ठेवणार असं वाटलं. मग त्या पोराच्या हातांकडे पाहिलं त्यांनी. घसा साफ केला, म्हणाल्या, "भरेल," आणि फेकली. खालून, हलकेच. पोरानं झेलली आणि उडी मारली. मोठ्या बाईंनी उडी मारली नाही, पण टाचा उचलल्या होत्या. मी मागंच उभी होते, मला दिसलं.

बाहेर वऱ्हांड्यात येऊन त्या भिंगरीला म्हणाल्या, "उद्यापासून खेळाचा तास मैदानावर घ्या. वर्गात फार धूळ होते."

"आणि भिंत?" भिंगरीनं विचारलं. सोडणारी नव्हेच ती.

"भिंतीशी कुणी बसायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऊन असतं तिथं."

मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही रोज रोज आमची भांडणं ऐकायला येता का हो?"

"डबा," मी म्हटलं.

करंडक त्या शाळेत कधी आला नाही. कपाटात माश्या तेवढ्या बदलत राहिल्या. बेकरीवाल्याची मुलगी आता बेकरीवाली आहे, आणि अजून तशीच सावकाश. एक पाव द्यायला एवढा वेळ लावते की तोवर दुसरा भाजून होतो. मोठ्या बाई गेल्या, दुसरे आले, तिसरे आले. भिंगरीनं सगळ्यांशी भांडून घेतलं. निवृत्त झाली त्या दिवशी तिला शाळेनं काय भेट द्यावी? आरामखुर्ची. आमचे हे असते तर हसून हसून खुर्चीतून पडले असते. ती खुर्ची माझ्याकडे आहे, मी बसते.

निवृत्त झाली म्हणून घरी राहिली असं नाही. शेपट्या फाटायच्या, पिशव्या उसवायच्या; ते सगळं मी धुवून, शिवून ठेवायचे आणि दर शुक्रवारी ती येऊन घेऊन जायची. आमचे हे गेल्यावर मी शाळेसमोर राहायला आले, ती जुन्याच घरी राहिली; माझ्या खिडकीतून मैदान दिसतं. मधे छातीत धडधडायला लागलं तिच्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता विश्रांती."

"बसून?" तिनं विचारलं. त्याच आवाजात. इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकून मला गाद्यांचा वास आला. घरी येताना मी रागावले, तर म्हणाली, "वहिनी, जित्याची खोड गं." आणि माझ्या पुढं चालायला लागली.

तिचा शेवटचा शुक्रवार सांगते आणि थांबते. त्यात वेगळं काही नव्हतं, म्हणून जसा झाला तसाच सांगते.

सकाळीच आली. "वहिनी, झालं का?"

"बस. शेवटचा टाका राहिलाय."

बसली नाही. चहा दिला तो खिडकीशी उभ्यानं प्यायली, मैदानाकडे बघत, कपाच्या कडेवर बोटं वाजवत. शेपट्यांची पिशवी हातात घेऊन एकेक शेपटी ओढून पाहिली. "मागच्या वेळी टाका सैल घातलास."

"डोळे गेले माझे."

"मग चष्मा लाव. पोरं काय हळू ओढतात का?"

रस्ता ओलांडून गेली. आता वेग कमी झाला होता, पण चाल तीच, अंगानं पुढं आणि पाय मागून धावत येणारे. खेळाचे नवे मास्तर मैदानात होते, तरुण, भले आहेत. मुलं पळत होती, आणि भिंतीशी एक मुलगी बसली होती, पायाला प्लास्टर. भिंगरी मास्तरांशी बोलली नाही. सरळ भिंतीशी गेली, काहीतरी म्हणाली, मुलीला बगलेत हात घालून उठवलं. मग झाडाखालचं खोकं पायानं सरळ केलं, तिला त्याच्यामागं उभं केलं, आणि माझ्या पिशवीतल्या सगळ्या शेपट्या तिच्यापुढं ओतल्या. बघता बघता खोक्यापुढं रांग लागली. मुलीनं पहिल्या पोराला काय सांगितलं कोण जाणे, पण ते कोंबड्यासारखं चालायला लागलं.

भिंगरी थोडा वेळ तिथं उभी राहिली. उभी म्हणजे या पायावरून त्या पायावर. मग परत निघाली. माझ्या खिडकीशी आली आणि रिकामी पिशवी गजांमधून आत टाकली.

"आत ये, जेवून जा," मी म्हटलं.

"नको, जाते. वाळूच्या पिशव्या पुढच्या शुक्रवारी. आणि टाका घट्ट घाल."

म्हणाली आणि चालायला लागली.